चार मजली विकेट

आमच्या बिल्डिंगमध्ये विकेट चार वेळा पडते. आधी तळमजल्यावर, मग दुसऱ्या मजल्यावर, मग पहिल्या मजल्यावर आणि सगळ्यांत शेवटी तिसऱ्यावर, म्हणजे माझ्याकडे. मैदानावर फलंदाज एकदाच बाद होतो. पण चंद्रपूरच्या ऊर्जानगरातल्या आमच्या क्वार्टर्सपर्यंत ती बातमी चार रस्त्यांनी येते आणि चारही रस्त्यांची चाल निराळी आहे. ज्याने सर्वांत जास्त पैसे मोजलेत त्याला सर्वांत उशिरा कळतं. तो मी.

ऊर्जानगरात माणसाला नाव नसतं, सेक्शन असतो, म्हणून ओळखही तशीच करून देतो. तळमजल्यावर ॲश हँडलिंग. म्हणजे ॲश हँडलिंगमधले भाऊ, वहिनी, पोरं आणि भाऊंची आई. ही अख्ख्या बिल्डिंगची आजी. पहिल्या मजल्यावर केमिस्ट्री लॅब. दुसऱ्यावर बॉयलर. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर मी आणि इन्स्ट्रुमेंटेशन. मी अकाउंट्समध्ये आहे. 2920 मेगावॅटच्या वीज केंद्राच्या कॉलनीत अकाउंट्सवाल्याने वायर, सिग्नल, व्होल्टेज असले शब्द तोंडातून काढायचे नसतात. काढलेच तर सगळे प्रेमाने म्हणतात, "राहू द्या साहेब, तुम्ही टीए बिल तेवढं लवकर पास करा."

आजींकडे मागच्या बाजूला पोक आलेला जुना टीव्ही आहे आणि गच्चीवर फ्री डिश. दूरदर्शनने डिसेंबर 2004 मध्ये ही सेवा सुरू केली तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. छत्री आणि डब्याचे पैसे एकदा द्यायचे, पुढे दरमहा शून्य रुपये. बॉयलरकाकांकडे डीटीएचचा एचडी डबा आहे. केमिस्ट्रीकडे केबल. माझ्याकडे 55 इंची फोर-के टीव्ही, भिंतीतून आलेलं फायबर आणि त्यावर चालणारं ॲप. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांकडे यातलं सगळं आहे, शिवाय स्टॉपवॉच आहे.

सामना असला की आजी स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. आपला गडी बाद झाला की "अरे राम राम राम", आपण विकेट घेतली की "माय महाकाली!" दोन्ही चांगल्या खणखणीत आवाजात. चंद्रपूरच्या महाकालीला हाक इतकी पोचवायची सवय असल्यामुळे तिसरा मजला त्यांच्या टप्प्यात सहज येतो. माझ्या पडद्यावर गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला चेंडू पँटला घासत असतो. त्या चेंडूची शिवण मोजता येईल इतकं स्वच्छ चित्र. आणि खालून आवाज येतो, "माय महाकाली!" मग दहा-पंधरा सेकंद मी शांतपणे बसून राहतो. खालून बॉयलरकाकांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज. मग केमिस्ट्रीच्या पोरांची आरोळी. त्यानंतर माझा गोलंदाज धावायला लागतो. मी एकदा बायकोला म्हटलं, "बघ हं, आता हा बोल्ड होणार." ती म्हणाली, "भविष्य सांगायचं असेल तर आजींच्या आधी सांगा."

एचडीचा नाद कॉलनीला लागला तो 2010 च्या सुमारास. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या आणि त्या दिवाळीला घरोघर चपटे टीव्ही आले. कोपऱ्यात 'एचडी रेडी' असं चकचकीत स्टिकर. ते स्टिकर काढायचं नसतं, नव्या सोफ्याचं प्लास्टिक काढत नाहीत त्याच न्यायाने. टीव्ही रेडी होता, पण त्याला जोडलेला डबा जुनाच, आणि मधे लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन वायरी. साध्या चित्रात 720 गुणिले 576 ठिपके असतात, पुऱ्या एचडीत 1920 गुणिले 1080. गुणाकार करून पाहिला तर बरोबर पाचपट येतो, हे माझ्या खात्यातलं काम. म्हणजे पाच माणसांच्या पंक्तीला एकाचंच ताट वाढल्यावर जे व्हायचं तेच पडद्यावर होत होतं. चौकोनी चित्र ताणून लांब केल्यामुळे बातम्या देणारी सडपातळ मुलगी दोन्ही बाजूंनी सुखवस्तू दिसायची आणि चेंडू अंड्याच्या आकाराचा. पण शेजारी बघायला आले की चहाचा कप हातात धरून म्हणायचे, "काय क्लिअर आहे हो! घाम दिसतो घाम." घाम दिसत नव्हता. चंद्रपूरच्या मे महिन्यात तो त्यांच्या स्वतःच्याच भुवईवरून डोळ्यांत उतरत होता.

पुढे खरा एचडी डबा आला, एचडीएमआयची वायर आली, आणि 2016 मध्ये मराठी वाहिन्याही एचडी झाल्या. माझ्या सासूबाईंना तेव्हापासून मालिका बघता येईना. कथानक कळेना असं नव्हे. कथानक कळायला चित्र लागत नाही, आवाजही लागत नाही. पण इतके दिवस जो वाडा वाडा म्हणून पाहिला त्याचे खांब प्लायवूडचे निघाले. खाष्ट सासूच्या नाकातली नथ दाबाची आहे हे दिसलं. घरंदाज आजोबांची मिशी डाव्या बाजूने सुटत चाललीय, हे दिसल्यावर त्यांच्या मृत्युपत्राच्या प्रसंगाला सासूबाईंना रडू आलं नाही. त्या म्हणाल्या, "आधीचं धूसरच बरं होतं. माणसं खरी वाटायची."

मग 1 फेब्रुवारी 2019 उजाडला. आपल्याला हव्या त्या वाहिन्या आपणच निवडायच्या, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नवा नियम लागू झाला. शंभर साध्या वाहिन्यांपर्यंत 130 रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, एकूण 153 रुपये 40 पैसे. पैशाच्या वाहिन्यांचे दाम त्याहून वेगळे. आणि एक एचडी वाहिनी मोजताना दोन धरायची. पाचपट ठिपके, दुप्पट मोजणी, किंमत तिसरीच! हा हिशेब वाचताना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कॉलनीला माझी आठवण झाली. संध्याकाळी माझ्या दारात चपलांचा ढीग. मी एक्सेलचा तक्ता करून दिला. त्यात नवऱ्याच्या वाहिन्या, बायकोच्या वाहिन्या, मुलांच्या वाहिन्या आणि 'घरात असाव्यात' अशा वाहिन्या असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात लोकांनी शेती, अध्यात्म आणि इंग्रजी बातम्या घातल्या. त्या आजतागायत कोणी लावलेल्या नाहीत, पण काढून टाकायचं म्हटलं की सगळं घर हळहळतं.

गच्चीचं प्रकरण याहून मोठं आहे. आमच्या गच्चीवर छत्र्यांची वसाहत आहे आणि त्या सगळ्यांचं तोंड दक्षिणेच्या अंगाला. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर 36 हजार किलोमीटरवर ठाण मांडून असतात, त्यामुळे भारतातल्या छत्रीला दक्षिणेकडे पाहण्यावाचून गत्यंतर नाही. दक्षिणेला तोंड करून जेवू नये, झोपताना तिकडे पाय करू नयेत हे पाळणाऱ्या घरांतही करमणूक मात्र यमाच्या दिशेनेच येते. बॉयलरकाकांच्या वडिलांनी सुरुवातीला छत्री पूर्वेला वळवून घ्यायचा आग्रह धरला होता. वळवली. चित्रच गेलं. मग शास्त्रात छत्रीचा उल्लेख नाही, असं ठरलं.

या छत्रीला पाऊस चालत नाही. डीटीएचच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या. पावसाचे टपोरे थेंब त्या वाटेतच गिळतात. त्यामुळे 'विदर्भात वादळी पावसाचा इशारा' ही पट्टी आम्हाला स्वच्छ एचडीत दिसते आणि वादळ आलं की वादळ सोडून सगळं दिसेनासं होतं. केबलवाल्याची थाळी मोठी आणि तिच्या लहरी लांब, तिला पावसाचं काही वाटत नाही. त्या वेळी केमिस्ट्रीच्या चेहऱ्यावर जे स्मित असतं ते लॅबमध्ये पाण्याचा पीएच बरोबर आल्यावरही नसतं. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या आसपास, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो आणि काही मिनिटं चित्र जातं. चंद्रपूरच्या सूर्याने एवढ्यावर भागवलं हे त्याचे उपकार.

आणि वांदरं. उन्हाळ्यात ताडोब्याकडून येणाऱ्या लंगुरांना डीटीएचची छत्री टेकायला सोयीची पडते. बूड टेकलं की छत्री एक-दोन अंश कलते. एक-दोन अंश म्हणजे काहीच नाही, असं मला वाटायचं. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी कागदावर मांडून दाखवलं की दोन अंशांत नेम तिकडे आभाळात साडेबाराशे किलोमीटरने चुकतो. मग बॉयलरकाका पाना घेऊन गच्चीवर, त्यांचा मुलगा खिडकीत, काकू टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही!" "आता?" "नाही!" हा संवाद कॉलनीच्या प्रत्येक गच्चीने ऐकला आहे.

एका संध्याकाळी तो चालू असताना केमिस्ट्रीवाले कचरा टाकायला खाली उतरले. ऊर्जानगरात अंधार पडल्यावर कचरापेटीपाशी कोण भेटेल याचा नेम नसतो. काकांनी वरून आरोळी ठोकली, "आलं का?"

खालून जिवाच्या आकांताने उत्तर आलं, "आलं! आलं!"

काकांनी नट घट्ट आवळला. "नीट आलंय ना?"

"अगदी नीट! समोर उभं आहे!"

"हलत तर नाही?"

"आत्ता नाही! पण बघून राहिलंय माझ्याकडे!"

काका म्हणाले, "आवाज येतोय का ते बघा," आणि तेवढ्यात अस्वलाने आवाज केला. केमिस्ट्रीवाले कचऱ्यासकट वर आले. अस्वल आपल्या वाटेने निघून गेलं. चित्र त्या दिवशी आलंच नाही.

हे सगळं टाळायचं म्हणूनच मी फायबर घेतलं. केसाएवढा काचेचा धागा, त्यातून प्रकाश धावतो, ना पाऊस ना वांदर. धागा लावायला आलेला पोरगा हे सांगत असताना तो धागा खांबावरून कडुनिंबावर, कडुनिंबावरून गच्चीच्या कठड्यावर आणि तिथून माझ्या खिडकीत येत होता. कडुनिंबावर बसून लंगूर सगळं काम शांतपणे पाहत होते. पुढे व्हायचं ते झालं. राउटरवर लाल दिवा लुकलुकला की पोरगा येतो, पेटीएवढ्या यंत्रात तुटलेली दोन टोकं धरून क्षणभरात वितळवून जोडतो, आणि दर वेळी मला म्हणतो, "भाऊ, आपल्याकडून सिग्नल बरोबर येऊन राहिला होता." त्याच्याकडून सिग्नल नेहमीच बरोबर येतो. मधल्या कडुनिंबाची जबाबदारी कोणाकडेच नाही.

पण जोडलेलं असतं तेव्हा काय चित्र असतं महाराजा! एचडीच्या चौपट ठिपके. फक्त उशिरा. हा उशीर का, हे मी इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना विचारलं आणि ते आनंदाने खुर्चीवर मांडी घालून बसले. त्यांचं म्हणणं असं की आजींचं चित्र जमिनीवरून उपग्रहावर जातं आणि परत येतं, 72 हजार किलोमीटर, पण त्याला लागतो पाव सेकंद. यंत्रांची घुसळण धरून आणखी काही सेकंद. माझ्या ॲपवाल्या चित्राचे मात्र आधी काही-काही सेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याच्या जाड्या-बारीक प्रती काढतात, कारण कोणाचा टीव्ही मोठा, कोणाचा फोन लहान, कोणाचं नेट दुबळं. त्या प्रती गावोगावच्या सर्व्हरवर ठेवतात, आणि माझा टीव्ही दोन-चार तुकडे गाठीला जमल्याशिवाय पहिला दाखवत नाही, न जाणो मधेच संपले तर. हे सगळं होईतो अर्धा मिनिट सहज जातो.

"म्हणजे मी जिवंत प्रक्षेपण पाहतच नाही?"

"पाहता ना. झाल्यावर पाहता."

या अर्ध्या मिनिटाने एकदा मला साथ दिली, हेही सांगितलं पाहिजे. 19 नोव्हेंबर 2023, अहमदाबादची एकदिवसीय विश्वचषकाची अंतिम लढत. त्या दिवशी एकट्या ॲपवर एका वेळी 5 कोटी 90 लाख लोक होते. ट्रॅव्हिस हेड एकेक चौकार मारत होता आणि खालून राम राम राम चालू होतं. भारत हरला तेव्हा सगळ्या बिल्डिंगमध्ये अर्धा मिनिट जास्त आशा बाळगून असलेलं घर माझंच.

पण 29 जून 2024 ची टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल जवळ आली तशी इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना झोप येईना. त्यांचं दुःख तात्त्विक होतं. ते गच्चीवरच्या सभेत उभे राहून म्हणाले, "अरे, आपण कोण? आपण सिंक्रोनायझेशन करणारी माणसं! पाचशे मेगावॅटचं मशीन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असताना सिंक्रोस्कोपचा काटा बारावर आला की अचूक ब्रेकर मारून ग्रीडला जोडतो. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर लाइनवरून दक्षिणेचं ग्रीडसुद्धा जोडलं गेलं. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एक फ्रिक्वेन्सी, पन्नास हर्ट्झ! आणि आपल्या चार मजल्यांच्या बिल्डिंगला एकदम ओरडता येत नाही?"

टाळ्या पडल्या. त्याही मागेपुढे.

योजना ठरली. सर्वांत मागे मी, म्हणून माझ्या पडद्याला धरून बाकीच्यांनी थांबायचं. बॉयलरकाकांच्या डब्यात चालू चित्र रोखून धरायची सोय होती. त्यांनी तेवढे सेकंद रोखायचं. केमिस्ट्रीच्या केबलला ती सोय नाही. त्यांनी काकांकडे येऊन बसायचं, येताना भजी आणायची. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ वाजल्यापासून बंदी. पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांचे फोन घ्यायचे नाहीत. उरल्या आजी. त्यांच्या डब्यात रोखून धरायची सोय नव्हती, आणि आजींतही नव्हती.

शिष्टमंडळ खाली गेलं. इन्स्ट्रुमेंटेशनवाले नम्रपणे म्हणाले, "आजी, त्या दिवशी तेवढं ओरडायचं नाही."

"मी कुठं ओरडते बाप्पा? मी तं देवाचं नाव घेते."

"मनात घ्या."

"मनातलं त्याले आयकू येत असतं तं देऊळ कायले बांधलं असतं?"

शेवटी खिडकी लावून घ्यायची, एवढ्यावर तडजोड झाली.

फायनलच्या दिवशी दुपारी काकांच्या छत्रीवर लंगूर बसला. संध्याकाळी सातला पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही'. पाना, गच्ची, आलं का, नाही. पावणेआठला काका सहकुटुंब माझ्या दारात, मागे केमिस्ट्री भज्यांसह. इन्स्ट्रुमेंटेशनवाले खूश झाले. अख्खी बिल्डिंग एका पडद्यासमोर म्हणजे सिंक्रोनायझेशनचा प्रश्नच मिटला. पहिली पाच मिनिटं सगळे चित्राची तारीफ करत होते. मग पोरांनी वायफायचा पासवर्ड विचारला.

तिथे घात झाला. मोठ्या पडद्यासमोर बसून प्रत्येक पोराने आपापल्या फोनवर तेच ॲप, तोच सामना लावला. कारण विचारलं तर एक म्हणाला, "स्कोअर बघायला." एकाच छताखाली, एकाच वायफायवर, एकाच सोफ्यावर, आणि प्रत्येक फोनचा उशीर वेगळा! कोणाचा टीव्हीच्या आठ सेकंद पुढे, कोणाचा चार सेकंद मागे. कोहलीचा चौकार सोफ्याच्या डाव्या टोकापासून निघून उजव्या टोकापर्यंत गेला आणि मग पडद्यावर आला. त्यात इतक्या फोनांचा भार पडल्याने माझ्या फोर-के चित्राने मान टाकली. रोहित आणि द्रविड यांच्यातला फरक कळेना. "काय क्लिअर आहे हो," बॉयलरकाका म्हणाले. त्यांनी माझ्याच घरी बसून भजी खाल्लेली होती. फोन जप्त करून फ्रीजवर ठेवले तेव्हा कुठे चेहरे परत आले.

भारताच्या 176 झाल्या. दक्षिण आफ्रिका खेळू लागली. खिडकी बंद असली तरी महाकालीचं नाव सुरुवातीला दोन-तीनदा झिरपून वर आलं आणि त्या-त्या वेळी सगळ्यांनी आपण ऐकलंच नाही असं दाखवलं, फक्त भजी जरा मोकळ्या हाताने उचलली. मग क्लासेनने अक्षरच्या एका षटकात 24 धावा झोडल्या. तीस चेंडूंत तीस धावा हव्या, असं पडद्यावर आलं. खोलीत कोणी बोलेना.

आणि खालून काही ऐकू येईना.

पंड्या चेंडू टाकायला निघाला. सगळे पडद्याकडे बघत होते, पण कान खिडकीकडे. केमिस्ट्रीवाले उठून खिडकी उघडून आले. तरी काही नाही. क्लासेन बाद झाला आणि आम्हाला ते पडद्यावर पाहून कळलं! अशा गोष्टी पडद्यावर पाहून कळायची सवय सुटली होती. आनंद व्हायच्या ऐवजी सगळे दचकले. पुढचा प्रत्येक चेंडू खराखुरा, आधी काही न कळता बघावा लागला. बॉयलरकाकांना घाम फुटला. हे गृहस्थ पाचशे चाळीस अंशांच्या वाफेशेजारी आयुष्य काढलेले.

"खाली काय झालं बघा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आजींना बरं नाही का?"

"योजना यशस्वी झालीय," इन्स्ट्रुमेंटेशनवाले म्हणाले.

"खड्ड्यात गेली तुमची योजना. मला हे सहन होत नाही."

मला पाठवण्यात आलं. दोन जिने खाली धावलो, तिसरा उड्या मारत. आजी अंधारात पलंगावर आडव्या. टीव्ही बंद.

"आजी! सामना?"

"हरले न ते. तीस बॉलात तीस त मी बी काढन. बंद करून टाकला. बिल कायले जाळाचं?"

"अहो क्लासेन आऊट झाला! लावा, लावा टीव्ही! जरा बिल्डिंगसाठी!"

"तुमीच म्हनत होते न का ओरडू नका?"

"ओरडा! वाटेल तेवढं ओरडा!"

रिमोटचे सेल संपले होते. पाठीमागचं झाकण काढून सेल चोळले, उलटसुलट केले, शेवटी टीव्हीच्या पोटातलं बटण दाबलं. धूसर पडद्याआड दूरदर्शनवर शेवटचं षटक सुरू होत होतं. सहा चेंडू, सोळा धावा. मी खिडकी सताड उघडली. मिलरने चेंडू उचलला. त्या पडद्यावर चेंडू दिसतच नव्हता, सीमारेषा दिसत नव्हती, कोण धावतंय तेही कळत नव्हतं. एक निळसर ठिपका आत गेला, बाहेर गेला, पुन्हा आत आला.

"माय महाकाली!"

वरच्या मजल्यावरून जो जल्लोष झाला तो मी जिन्यात ऐकला. दारात पोचलो तेव्हा काकू पेढे वाटत होत्या, काका केमिस्ट्रीच्या गळ्यात पडले होते, आणि त्या सगळ्यांच्या पाठीमागे, माझ्या फोर-के पडद्यावर, हार्दिक पंड्या रनअपच्या टोकाला उभा राहून बोटांनी चेंडू फिरवत होता. कोणी बघत नव्हतं. मी एकटा बघत उभा राहिलो. सूर्यकुमारने दोरीपलीकडे जाता जाता चेंडू हवेत टाकला, बाहेर गेला, आत आला, झेल घेतला. बुटाची लेस दिसत होती. "बूट दोरीला लागला नाही ना?" मी विचारलं. "आजी बोलल्या ना," बायको म्हणाली आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला.

सात धावांनी जिंकलो. फटाके मात्र कॉलनीत टप्प्याटप्प्यानेच वाजले.

दुसऱ्या दिवशी इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी, युनिट बंद पडल्यावर लिहितात तसा, रीतसर ट्रिप रिपोर्ट लिहून ग्रुपवर टाकला. घटना, वेळ, मूळ कारण, उपाययोजना. मूळ कारण: लंगूर, पोरं आणि रिमोटचे सेल, याच क्रमाने. त्याच संध्याकाळी ॲश हँडलिंगचे भाऊ सहज म्हणाले की दिवाळीला आईसाठी मोठा एचडी टीव्ही आणि फायबर घ्यायचा विचार आहे. अर्ध्या तासात गच्चीवर तातडीची सभा भरली. भाऊंना मधे बसवून सगळ्यांनी समजावलं: म्हाताऱ्या माणसाचे डोळे, एवढा प्रकाश, डॉक्टर काय म्हणतात, पैसे वाचवा, पोरांची शिक्षणं. बॉयलरकाका तर म्हणाले, "आजींची छत्री यापुढे मी सांभाळीन. माझी नंतर."

ठराव एकमताने झाला. आजींच्या रिमोटचे सेल दर महिन्याला बदलायचे, खर्च बिल्डिंगच्या वर्गणीतून. वर्गणीचं वहीखातं माझ्याकडे असतं. दोन पेन्सिल सेल कोणत्या खात्यात टाकावेत यावर मी बराच वेळ विचार केला. जिन्याचा दिवा, पाण्याची मोटार, गणपती, किरकोळ, असे रकाने आहेत. शेवटी नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'अत्यावश्यक सेवा'.